मशीन डोक्यावर असेपर्यंत

रीळ आपणहून घरंगळलं. कुणी हात लावला नव्हता, वाऱ्याची झुळूकही नव्हती, आणि मांजर तर कधीचं शेजारच्या पायरीवर पसरलेलं. तरी टेबलावर आडवं पडलेलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ थरथरलं, जरा विचार केल्यासारखं थांबलं आणि मग सरळ जाऊन नर्सबाईंच्या मांडीत पडलं. नर्सबाई मावशीचा झगा घालून बसल्या होत्या, कारण त्यांचा ड्रेस मशीनवर होता, कंबरेत उसवलेला. "मावशी, भूत आहे का हो तुमच्या घरात?" त्या म्हणाल्या. "आहे की," मावशी म्हणाली, "पण कामाचं नाही मेलं. इतकी वर्षं राहतंय, साधी हातशिलाई घालता येत नाही त्याला." नर्सबाई खळखळून हसल्या. मावशी हसली नाही. तिनं पाय पायडलवरून काढून फरशीवर टेकला, नुसता तळवा, आणि ती ऐकायला लागली. कानानं नाही, टाचेनं. खालून, फार खालून, कुणी तरी दार ठोठावावं तसं येत होतं. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक, ठक. तिच्या तोंडातली टाचणी ओठाला टोचली तेव्हा तिला कळलं की आपण दात आवळलेत.

सगळी वस्ती तिला थापाडी मावशी म्हणायची. तिच्या थापा ऐकायला लोक मुद्दाम बटण तुटलेले शर्ट घेऊन यायचे. ही वस्ती कोबाल्टवर बसलेली आहे हे सगळ्या जगाला ठाऊक, पण ते सापडलं कसं, हे मावशीनंच सांगावं. एका कोंबडीनं म्हणे परसात उकरलं, काळा कोळशासारखा दगड निघाला, ती त्यावर अंडी समजून बसली, आणि शेवटी खाणकंपनीचे साहेब येऊन त्या कोंबडीला हार घालून गेले, पेन्शनसुद्धा लावली. खरी गोष्ट इतकीच की कुणी तरी संडासाचा खड्डा खणत होता. त्यानंतर ज्याच्या त्याच्या घरात खड्डा. वरून बघावं तर साधी वस्ती, पत्र्याची छपरं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, गल्लीत टँकरपुढं भांड्यांची रांग. आणि पलंग सरकवला की खाली विहिरीसारखं काळं भोक. माणसं मोरीतून खाली उतरायची आणि संध्याकाळी मातीचे पुतळे होऊन वर यायची. पोती हमरस्त्यावरच्या वखारीत जायची. तिथला व्यापारी पोत्यावर पिस्तुलासारखं एक यंत्र रोखायचा आणि कोबाल्ट किती टक्के ते सांगायचा, म्हणून त्याचं नाव टक्केवाला. एकदा का पोतं त्याच्या ढिगावर ओतलं की कुणाचं कुठलं हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मोठ्या खाणीतलं आणि मोरीतलं एकाच ट्रकमध्ये, ट्रक बंदरात, बंदरातून जहाज, जहाजातून पलीकडचा कारखाना, आणि मग कुणाच्या तरी खिशातला फोन, कुणाच्या तरी दारातली विजेवरची गाडी. तिकडं गाड्या खपल्या की इकडं फरशी वाजायची. तिकडं कुणी कोबाल्टवाचून चालणारी बॅटरी काढली की इकडं गपगार. गेली कित्येक वर्षं गपगारच होतं. खड्ड्यांवर फळ्या पडल्या, फळ्यांवर पलंग आले, पलंगांवर पोरं झाली. पण परवा पाण्याच्या रांगेत बायका बोलत होत्या, सरकारनं माल बाहेर जाणं अडवलंय, जहाजं रिकामी उभी आहेत, भाव चढलाय. मावशीनं ते ऐकलं होतं आणि घडा डोक्यावर घेऊन ती घरी आली होती. गल्लीच्या मधोमध एक खळगा आहे, सांडलेलं पाणी तिथं साचतं, नगरपालिका दर वर्षी खडी टाकते आणि तो दर वर्षी पुन्हा बसतो. तिथून जाताना ती नेहमीसारखीच कडेनं गेली होती. त्या खळग्यावर तिनं कधी पाय दिला नव्हता. खाली तिचा नवरा होता.

त्याला आवाजावर चालायची कला होती. मोरीतल्या खड्ड्यातून उतरायचं आणि मातीतली कोबाल्टची काळी शीर जाईल तिकडं आडवं खोदत जायचं. पण खाली ना दिशा ना अंतर, हाताला हात दिसत नाही, कपाळावरचा दिवा समोरची वीतभर माती दाखवतो फक्त. मग वरचं घर कुठं संपतं ते कसं कळायचं? तर मशीनवरनं. आतल्या खोलीत तिचं शिलाईचं मशीन, लोखंडी पायांचं, बिडाचं. तिनं पायडल मारलं की खडखडाट फरशीतून मातीत उतरायचा. "तू नुसती शिवत बस," तो म्हणायचा. "मशीन डोक्यावर असेपर्यंत मी आपल्या घरात आहे. मागं पडलं की समजायचं, पुढं गल्ली, वर टँकर. थांबायचं." लोक दोरी बांधून उतरायचे, कुणी घंटा लावायचे, आणि हा बायकोच्या शिलाईवर. वस्तीतली माणसं चेष्टा करायची, अरे, तिनं कधी रुसून मशीन बंद ठेवलं तर? "तर काय," तो म्हणायचा, "तिथंच संसार मांडीन, दुसरी करीन." ती वरून पायडल जोरात दाणदाण मारायची आणि तो संध्याकाळी वर येऊन म्हणायचा, आज फार रागात होतीस, माती पडली डोळ्यांत. अशी त्यांची बोलणी चालायची, मधे एवढी मोठी जमीन ठेवून. सरळ शिवण असली की तो निवांत असायचा. बाही लावायची असली की ती थांबत थांबत मारायची, तेव्हा त्याला काळजी वाटायची. कोट शिवायला आला की म्हणायचा, आज खाली करमलं नाही.

"मावशी, माझा ड्रेस," नर्सबाई म्हणाल्या. "मला ड्युटी आहे." त्यांच्या हातातला फोन तापला होता, त्या तो झग्याच्या टोकानं धरून होत्या. एरवी मावशी म्हणाली असती, दमला असेल बिचारा. हे तिचं जुनंच होतं. नवरा गेला तेव्हा लेक लहान, बाबा कुठं आहेत विचारायची, आणि आईजवळ सांगायला थापांशिवाय होतं काय? बाबा खालून चालत निघालेत. समुद्राच्याही खालून. चालता चालता ते अगदी बारीक झाले आणि एका फोनमध्ये शिरले, आता लोकांच्या खिशात बसून जग बघत हिंडतात, चढण लागली की त्यांना घाम येतो, म्हणून फोन तापतो. लेकीनं ते इतकं मनावर घेतलं की घरी कुणीही आलं, तरी ती हळूच त्याचा फोन उचलायची, उलटा करायची आणि पाठीला तोंड लावून म्हणायची, बाबा, आई शिवतेय. हे तिनं किती वर्षं केलं कोण जाणे. एक दिवस बंद केलं. त्या दिवशी मावशीला दुसऱ्यांदा कुणी तरी गेल्यासारखं झालं होतं. "जरा बसा," ती नर्सबाईंना म्हणाली, "दोरा संपलाय, लेकीकडून आणते," आणि रीळ त्यांच्या मांडीतच ठेवून मागच्या दारानं निघाली.

लेकीचं घर पाठीला पाठ लावून. मधे एक भिंत. लग्नानंतर लांब जाऊ नये म्हणून मावशीनंच ते मिळवून दिलेलं, आणि तिथल्या मोरीतला जुना खड्डा स्वतः उभी राहून फरशीनं बंद करून घेतलेला. जावई वेल्डर, हसतमुख, कामाला वाघ. त्याचं वर्कशॉप मध्यंतरी बंद पडलं होतं. लेक दारातच बसलेली, मांडीवर ताट, तांदूळ निवडत होती, पण खड्यांकडं तिचं लक्ष नव्हतं. "जावईबापू कुठं?" मावशी म्हणाली. "गेलाय बाहेर." "बाहेर म्हणजे आत?" "अगं आई, काय गं तुझं!" "मग खाली ठोकतंय कोण?" "उंदीर असतील." "हो का? माझ्या उभ्या जन्मात कुदळ घेऊन फिरणारा उंदीर नाही पाहिला. बघू तरी, लग्नाचा असला तर स्थळ काढते." लेकीला हसू आलं आणि त्यातच तिचा चेहरा रडवेला झाला. तिनं ताट खाली ठेवलं. "चारच दिवस, आई. टक्केवाला स्वतः आला होता सांगायला. म्हणाला, बंदर उघडायच्या आत जेवढा माल साठवाल तेवढा घेतो. एवढी एक शीर संपली की संपलं, ह्यानं माझी शपथ घेतलीय." एवढी एक शीर संपली की संपलं. मावशीनं हे वाक्य आधीही ऐकलेलं, ह्याच सुरात, फक्त आवाज दुसरा. "दोरी बांधलीय?" "अडकते म्हणतो." "मग त्याला कळणार कसं कुठवर आलो ते?" लेकीनं मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत एक लहानशी फुशारकी होती, आईला खूश करणारी. "बाबांसारखंच. मी सांगितलंय त्याला. आईचं मशीन डोक्यावर असेपर्यंत खोद, मागं पडलं की थांब. काल म्हणाला, ऐकू येतं, जरा लांबून येतं, पण येतं."

मावशी तिथंच भिंतीला धरून उभी राहिली. मशीन आता बाहेरच्या खोलीत होतं. गल्लीकडच्या खिडकीखाली, भिंतीला चिकटून. चारी पायांखाली तिनं जुन्या टायरचे तुकडे घातले होते, आवाज खाली जाऊ नये म्हणून. खाली ज्याला ऐकायचं होतं तो ऐकून चुकला होता. पण रबर झिजलं असणार. आणि ती आज सकाळपासून शिवत होती. नर्सबाईंचा ड्रेस, त्याआधी दोन उशांचे अभ्रे, त्याआधी पडदे. सकाळपासून ती जावयाला बोलवत होती, ये, अजून पुढं ये, अजून तू घरातच आहेस. आणि तो येत होता, शहाण्यासारखा, सांगितलेलं ऐकत, लेकीच्या मोरीतून निघून मावशीच्या आतल्या खोलीखालून, बाहेरच्या खोलीखालून, त्या खिडकीकडं. खिडकीपलीकडं गल्ली. गल्लीत तो खळगा. तिथली माती एकदा बसलेली, सैल; तिला खचायला वरून टँकरची गरजसुद्धा नाही, कुदळीचा एक घाव पुरे. आणि तो घाव कुणाच्या अंगावर पडणार हे तिनं मनात येऊ दिलं नाही, पण ते आलंच.

नवरा गेला त्या दिवशीच ते मशीन जागेवरून हललं होतं. लेकीला ताप होता, अंग तव्यासारखं, डोळे तांबडे, आतल्या खोलीत मशीनशेजारीच तिची गादी. खडखडाट सुरू झाला की ती दोन्ही हातांनी कान दाबायची. आई, नको ना. आई, डोक्यात वाजतंय. मावशीनं थोडा वेळ थांबून बघितलं, पण शाळेच्या ड्रेसचा गठ्ठा पडलेला, आणि थांबलं तर खाली त्याला काही ऐकू येणार नाही, तो घाबरेल. म्हणून तिनं चांगलाच विचार केला, दोघांचाही. मशीन ओढत ओढत बाहेरच्या खोलीत नेलं, खिडकीखाली, मधलं दार लोटलं, आणि शिवायला लागली. लेक झोपली. इतकी गाढ झोपली की मावशीला बरं वाटलं. खिडकीतून उजेड छान येत होता, सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला, तिला आठवतं. आपण हे आधी का नाही केलं, असंही मनात आलेलं. आवाज खाली जातोय, तो ऐकतोय, सगळं ठीक चाललंय. एका खोलीचं अंतर काय असतं? वर चार पावलं. टँकर आला, बायका भांडी घेऊन धावल्या, आणि ती अजून कॉलर लावत होती तेव्हा बाहेर कुणी तरी ओरडलं. जमीन खचल्याचा आवाज मोठा नव्हता. पोतं ओल्या मातीवर टाकावं एवढाच. टँकरचं मागचं चाक खाली गेलं आणि सगळं पाणी गल्लीत सांडलं. लोकांनी दगड टाकले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, असं सगळे म्हणाले. का गेला तो गल्लीखाली, एवढा जाणता माणूस, असंही म्हणाले. मशीन हलवलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायची भीती तिला स्वतःसाठी नव्हती. लोकांनी तिला काय म्हटलं असतं ते म्हटलं असतं, ती ऐकून घेती. पण गोष्ट सांगायची तर पहिल्यापासून सांगावी लागते, आणि पहिल्यापासून सांगायची तर ती तापातल्या पोरीपासून सुरू होते. आई, नको ना. हे एवढंसं वाक्य घेऊन त्या पोरीनं जन्मभर कुठं जायचं?

"हाक मार त्याला," ती म्हणाली. लेकीनं मोरीत जाऊन खड्ड्यात तोंड घालून हाक मारली. हाक पहिल्या वळणावर मातीत मुरली. लेक खड्ड्यात पाय सोडणार तोच मावशीनं तिचं मनगट धरलं. एवढी पकड तिच्या बोटांत आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं. "तू नाही. चल माझ्याबरोबर." घरात शिरता शिरताच ती ओरडली, "नर्सबाई, टँकर यायची वेळ झाली, कोपऱ्यावर जाऊन अडवा त्याला!" "ह्या झग्यात?" "झग्यात काय वाईट दिसता? सांगा, गल्लीत मगर निघालीय." "मगर?" "बरं, जमीन फुगलीय म्हणा. आणि बायकांनाही मधे येऊ देऊ नका. पळा!" नर्सबाईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं, त्या तोंडावर थापेचं नाव नव्हतं, आणि त्या चपला न घालताच पळाल्या. मग दोघींनी मशीन धरलं. टायरचे तुकडे पायांना चिकटून बसलेले. मावशीनं ते कात्रीनं खरवडून काढले. नर्सबाईंचा ड्रेस सुईखालीच लोंबत होता. उंबऱ्यावर मशीनचा पाय अडला, लेकीनं खांदा लावला, बीड फरशीवर किंचाळलं. "आई, पण हे आत कशाला? इथंच चालव ना." "इथं नाही." "का?" "ओढ म्हणते ना!" आतल्या खोलीत फरशीवर चार खळगे होते, बिडाच्या पायांनी पडलेले. वर गालिचा होता. तिनं तो पायानं उडवला. मशीनचे पाय त्या खळग्यांत बसले, जणू मधली वर्षं कुणी उसवून काढली.

पायडल जड गेलं, मग चाकानं पट्टा पकडला. ती मारत सुटली. सरळ शिवण, लांब, न थांबता, कुठल्याही कापडाला लागणार नाही एवढी लांब. खाली लोखंड जागं झालं, तिच्या टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून दातांत. इकडं मी आहे, ती म्हणत होती. मी मागं आहे. मी मागं पडलेय, थांब. बाहेर कोपऱ्यावर हॉर्न वाजला, आणि त्यावर नर्सबाईंचा आवाज, एक पाऊल पुढं आलास तर बघ. लेक फरशीवर पालथी पडली, कान लावून. तिचे केस मशीनच्या पायाशी पसरले होते. लहानपणी ती अशीच झोपायची, बाबांचं ऐकायला. "ठोकतोय अजून," ती म्हणाली. "ठोकतोय." मावशीनं वेग वाढवला. "आई, थांबला." थांबणं दोन तऱ्हेचं असतं. पाय चालू होते. मग लेक कुजबुजली, "सरपटतोय. आई, तो वळला. इकडं येतोय. आपल्याखाली आलाय." खालून ठक झालं, अगदी तळव्याखाली. मग पुन्हा, ठक ठक, खोडकरपणे, ऐकलं गं बाई म्हटल्यासारखं. जावयाची ही रीत नव्हती. किंवा असेलही, असं प्रत्येकच जण ठोकत असेल. पण मावशीच्या पोटऱ्यांना ते ओळखीचं वाटलं, आणि तेवढ्या वेळापुरता तिनं हिशेब केला नाही की खाली कोण आहे.

लेक अजून पालथीच होती. घाबरून झाल्यावर माणूस भलत्याच गोष्टी बोलतं, तशी ती फरशीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "मला तापात आठवतंय, आई. ही खोली किती शांत होती. बाबा गेले त्या दिवशी. मी उठले तर काहीच आवाज नाही, आणि मशीन इथं नव्हतं. तू नेलं होतंस का गं बाहेर? माझ्यासाठी?" मावशीची नजर सुईवर होती. सुई वर खाली होत होती, दोरा कधीच तुटला होता, नर्सबाईंच्या ड्रेसवर नुसती भोकांची रेघ पडत चालली होती. आयुष्यभर तिनं वस्तीला थापा मारल्या होत्या, कोंबडीच्या पेन्शनच्या, समुद्राखालून चालणाऱ्या माणसाच्या, आणि त्या सगळ्या जणू ह्या एका थापेसाठी घटवलेला हात होता. "छे गं," ती म्हणाली. "मशीन तेव्हा इथून तसूभर हललं नव्हतं, नंतर नेलं मी ते. तापात होतीस तू. तुला तेव्हा छताला मासे लोंबकळताना दिसत होते, एकाला तर तू नाव ठेवलं होतंस." "मासे?" "हो तर. मला म्हणाली होतीस, आई, त्याला टोपी शिव." लेक हसली. फरशीवर गाल टेकूनच हसली, ओल्या डोळ्यांनी. "मग बाबा का गेले गल्लीकडं?" "शीर चांगली लागली असेल. हावरटच होता तो." हे म्हणताना तिला त्याची माफी मागावीशी वाटली, एवढा शब्दाला जागणारा माणूस, त्याला तिनं हावरट केलं.

मागच्या घरातून खोकण्याचा आवाज आला, मग घमेलं आपटल्याचा, मग जावयाची हाक. लेक उठून धावली. तिच्या रडण्याचा आणि त्याला घातलेल्या शिव्यांचा आवाज भिंतीतून येत राहिला, आणि त्याचा दमलेला, ओशाळलेला, नाही गं, आता नाही उतरणार, हा आवाज. बंदर उघडेपर्यंत टक्केवाला दारात कितीदा येणार होता कोण जाणे. गल्लीत टँकरवाला नर्सबाईंना मगर दाखवा म्हणत होता. दारात येऊन नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, सोडलं हो टँकरला पुढं. बास आता, माझा ड्रेस फाडाल." मावशीला ऐकू आलं. तिनं मान डोलावली. पण पाय थांबवायचे म्हटलं तर ते थांबेनात. वर आला तो आला. खाली अजून एक जण होता, खिडकीपलीकडं, खडीच्या आणि पाण्याच्या खाली, आणि इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच त्याला मशीन बरोबर जागेवरून ऐकू येत होतं. ती त्याच्यासाठी हळू झाली. तो निवांत असायचा तशी, सरळ शिवण घालत, दोऱ्यावाचून.